दशांशचिन्ह कोणी सांभाळायचे? फिक्स्ड पॉइंटविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात संगणक अपूर्णांक कसे साठवतो याची ओळख करून दिली होती. फ्लोटिंग पॉइंट पद्धतीत दशांशचिन्हाची जागा प्रत्येक संख्येबरोबर साठवली जाते. फिक्स्ड पॉइंट पद्धतीत ती आधीच ठरवून टाकलेली असते आणि यंत्राला केवळ पूर्णांक दिसतो. त्या लेखाचा गाभा एवढाच होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख ‘हे प्रत्यक्षात कुठे वापरतात आणि वापरताना कुठे फसते’ याकडे आहे, म्हणून या वेळी तेच प्रश्न घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो. ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवली असता उत्तर १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ आले, तेव्हा अनुभवी सहकाऱ्यांनी सर्व रकमा चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून साठवण्याचा सल्ला दिला. एवढे केले की काम संपते का?

उत्तर : सल्ला योग्य आहे, पण काम तिथे संपत नाही. आधी सल्ला का योग्य आहे ते पाहू. शाळेत आपण शिकतो की अपूर्णांकाच्या अतिसंक्षिप्त रूपातील छेदाचे मूळ अवयव केवळ २ आणि ५ असतील, तरच त्याचे दशांशरूप खंडित असते. एक तृतीयांशाचे रूप अखंड आवर्ती होते ते त्यामुळेच. द्विमान पद्धतीत हाच नियम आणखी कडक होतो, कारण तिथे छेदात केवळ २ हाच मूळ अवयव चालतो. एक दशांशाच्या छेदात ५ असल्यामुळे आपल्याला अगदी साधा वाटणारा हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत अखंड आवर्ती होतो आणि ५३ बिटांच्या जागेत बसवण्यासाठी तो कुठेतरी तोडावा लागतो. रक्कम शंभराव्या भागात मोजली, तर अपूर्णांकच उरत नाही आणि बेरीज-वजाबाकी शेवटच्या अंकापर्यंत अचूक होते. ही युक्ती नवी नाही. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या कोबोल भाषेत संख्येचा आराखडा सांगताना ‘व्ही’ हे अक्षर दशांशचिन्हाची जागा दाखवते, पण साठवणीत त्या चिन्हासाठी जागा खर्च होत नाही. आजच्या डेटाबेसमधील ‘डेसिमल’ प्रकारही त्याच विचारावर उभा आहे.

लहान एकक म्हणजे नेहमी शंभरावा भाग, असे मात्र धरून चालू नये. जपानी येनचा व्यवहार दशांशाविना होतो, कुवेती दिनाराचे हजार भाग असतात, आणि बिटकॉइनची रक्कम दहा कोटीव्या भागात मोजली जाते. आपल्या प्रोग्रॅममध्ये १०० हा गुणक ठिकठिकाणी लिहून ठेवला असेल, तर दुसरे चलन आले की तो शोधत फिरावे लागेल. म्हणून दशांशस्थळांची संख्या चलनाबरोबर साठवावी.

खरी अडचण गुणाकार आणि भागाकाराला सुरुवात झाली की येते. व्याजाचा दर ८.२५ टक्के असेल, तर तोही पूर्णांकात, म्हणजे ८२५ भागिले १०,००० असा ठेवावा; रकमेला आधी ८२५ ने गुणावे आणि मगच भागावे. क्रम उलटा केला तर भागाकारात गळालेला भाग पुढच्या गुणाकारात वाढून बाहेर येतो. गुणाकाराचे मधले उत्तर मूळ रकमेपेक्षा पुष्कळ मोठे असते, म्हणून त्यासाठी जागाही मोठी राखावी लागते. व्याज रोजच्या रोज मोजून महिन्याअखेरीस खात्यात जमा होत असेल, तर रोजचा आकडा अधिक दशांशस्थळांपर्यंत ठेवावा आणि जमा करतानाच एकदा राउंड करावा.

राउंड करणे आणि शेपूट छाटून टाकणे यांतला फरक किरकोळ वाटतो. तो तसा नाही, हे व्हँकुव्हर शेअर बाजाराच्या निर्देशांकाने दाखवून दिले. १९८२ च्या आरंभी १,००० या पातळीवर सुरू केलेला हा निर्देशांक दिवसातून सुमारे तीन हजार वेळा नव्याने मोजला जाई आणि दर वेळी तीन दशांशस्थळांपुढचे अंक छाटले जात. छाटल्यामुळे प्रत्येक वेळी सरासरी ०.०००५ एवढीच घट होते, पण ती नेहमी एकाच दिशेने होत असल्यामुळे दिवसाला एक-दीड अंक गळत राहिला. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो सुमारे ५२४ वर पोहोचला होता आणि योग्य रीतीने मोजल्यावर उत्तर १,०९८ च्या पुढे आले. येथे फिक्स्ड पॉइंटचा दोष नव्हता. शेवटच्या अंकाचे काय करायचे हा निर्णय कोणी विचारपूर्वक घेतलाच नव्हता. नेमके अर्धे उरले असता जवळच्या सम अंकाकडे जाण्याची पद्धत याच कारणासाठी अस्तित्वात आली, कारण तिच्यात वर जाणे आणि खाली येणे दीर्घकाळात समतोल राहते. आपल्या व्यवसायाला लागू असलेला नियम वेगळा असेल, तर अर्थातच तोच पाळावा.

वाटणीचा प्रश्नही असाच आहे. १०० एकके तिघांत वाटताना ३३, ३३ आणि ३३ असे लिहून मोकळे झालो, तर एक एकक हवेत विरते. एकाला ३४ द्यावे लागतात आणि ते कोणाला द्यायचे, हे नियमाने ठरलेले असावे लागते.

शेवटी एक सापळा. रक्कम पूर्णांकात साठवली, पण वापरकर्त्याने टाइप केलेले ४.३५ आधी फ्लोटिंग पॉइंटमध्ये वाचून मग १०० ने गुणले, तर उत्तर ४३४.९९९९९९९९९९९९९४ असे येते आणि पूर्णांकात बदलताना ४३४ होते. अंक मजकूर म्हणून वाचून थेट पूर्णांक बनवावा. जावास्क्रिप्टमध्ये काम करत असाल, तर तेथील नेहमीचा संख्याप्रकार ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ या मर्यादेपुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी असून मायक्रोकंट्रोलरवर तापमान नियंत्रणाचा प्रकल्प करत आहे. फ्लोट वापरू नये असे मार्गदर्शकांनी सांगितल्यामुळे डीएस१८बी२० या सेन्सरचे वाचन पूर्णांकातच ठेवले आणि चढउतार सौम्य करण्यासाठी ‘नव्या व जुन्या मूल्यातील फरकाचा सोळावा भाग जुन्यात मिळवणे’ असे साधे फिल्टर लिहिले. थंड होताना आकडा बरोबर येतो, पण तापताना तो खऱ्या तापमानापेक्षा जवळपास एक अंशाने कमी राहतो. सेन्सर बिघडला आहे का?

उत्तर : सेन्सर ठीक आहे. आपल्या पत्रातील शेवटचे निरीक्षण इतके नेमके आहे की दोष जागेवरच सापडतो.

हा सेन्सर १२ बिटांच्या रीतीत तापमान अंशाच्या सोळाव्या भागात देतो. वाचन ४०१ आले तर तापमान ४०१ भागिले १६, म्हणजे २५.०६२५ अंश सेल्सिअस. म्हणजे सेन्सर स्वतःच फिक्स्ड पॉइंटची भाषा बोलतो आणि बिंदू कुठे आहे ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. मार्गदर्शकांचा सल्लाही योग्य आहे. लहान मायक्रोकंट्रोलरमध्ये फ्लोटिंग पॉइंटसाठी वेगळे सर्किट नसते, त्यामुळे प्रत्येक गुणाकार किंवा बेरीज सॉफ्टवेअरमधील लांबलचक क्रियेने पार पाडावी लागते, तर पूर्णांकाची तीच क्रिया मोजक्या चक्रांत होते.

आता आपले फिल्टर पाहू. फरकाचा सोळावा भाग काढण्यासाठी आपण तो चार बिट उजवीकडे सरकवत असणार. तापमान वाढत असताना फरक धन असतो, आणि तो १५ एककांवर आला की चार बिट सरकवल्यावर शून्य उरतो. जुन्या मूल्यात शून्य मिळवले जाते आणि फिल्टर तिथेच ठाण मांडून बसते. १५ एकके म्हणजे पंधरा सोळांश अंश, म्हणजेच आपण लिहिलेला ‘जवळपास एक अंश’. तापमान उतरत असताना फरक ऋण असतो, आणि ऋण संख्या उजवीकडे सरकवली की उत्तर शून्याकडे न झुकता खालच्या पूर्णांकाकडे झुकते. उणे १ सरकवले तरी उणे १ च राहतो. त्यामुळे त्या दिशेने फिल्टर शेवटच्या एककापर्यंत उतरते. आपल्याला एका बाजूने चूक आणि दुसऱ्या बाजूने अचूकता दिसली, ती यामुळे.

उपाय असा. जुने मूल्य अंशाच्या सोळाव्या भागात न ठेवता २५६ व्या भागात ठेवावे, म्हणजे त्याला आणखी चार बिट द्यावेत. नवे वाचन १६ ने गुणून त्याच एककात आणावे आणि मग फरक काढावा. फिल्टर आताही १५ एककांवर अडकेल, पण १५ भागिले २५६ म्हणजे अंशाचा सतरावा भागदेखील नाही. सेन्सरच्या एका पायरीपेक्षा ते कमीच आहे. सरकवण्यापूर्वी फरकात ८ मिळवले, तर दोन्ही बाजूंची चूक जवळपास सारखी होते.

हे करताना एका गोष्टीकडे मात्र पाहावे. सेन्सरची कक्षा उणे ५५ ते १२५ अंश आहे. १२५ गुणिले २५६ म्हणजे ३२,०००, आणि १६ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७ असल्यामुळे मूल्य त्यात अगदी काठोकाठ बसते. परंतु दोन टोकांमधला फरक १८० अंशांचा, म्हणजे ४६,०८० एककांचा होऊ शकतो आणि तो १६ बिटांत बसत नाही. अनेक लहान मायक्रोकंट्रोलरांवर सी भाषेतील नेहमीचा पूर्णांक १६ बिटांचाच असतो. तेव्हा मूल्य १६ बिटांत साठवले तरी वजाबाकी ३२ बिटांत करावी. फिक्स्ड पॉइंटचा हा खरा व्याप आहे. अंतिम उत्तर बसते म्हणजे मधली उत्तरेही बसतील असे नव्हे, म्हणून प्रत्येक टप्प्याची कक्षा कागदावर मांडावी लागते.

प्रश्न : ध्वनीच्या प्रक्रियेत ०.९ आणि ०.९ मिळवल्यावर उणे ०.२ आले. असे कसे?

उत्तर : आपण बहुधा क्यू१५ नावाची मांडणी वापरत आहात. तीत १६ पैकी एक बिट चिन्हाला आणि १५ बिट अपूर्णांकाला असतात, त्यामुळे उणे १ पासून १ च्या किंचित अलीकडपर्यंतच्या संख्या १/३२,७६८ च्या पायऱ्यांनी लिहिता येतात. ०.९ तिथे २९,४९१ असतो. दोन मिळून ५८,९८२ होतात, ते मर्यादेपलीकडे गेल्यामुळे ६५,५३६ ने मागे पडतात आणि उणे ६,५५४, म्हणजेच उणे ०.२ उरते. कानाला हा प्रकार कडाडल्यासारखा ऐकू येतो. यावर उपाय म्हणून डीएसपी, म्हणजे ध्वनीसारख्या संकेतांवर प्रक्रिया करणाऱ्या, प्रोसेसरांत ‘सॅच्युरेशन’ची सोय असते, म्हणजे बेरीज मर्यादा ओलांडू लागली की उत्तर कमाल मूल्यावर थांबते. आवाज थोडा चपटा होतो, पण उलट दिशेला उडी मारत नाही. अनेक डीएसपींमध्ये बेरजेचे रजिस्टर (प्रोसेसरमधील संख्या धरण्याची जागा) ४० बिटांचे असते, कारण दोन १६ बिटी संख्यांचा गुणाकार ३२ बिट घेतो आणि वरचे ८ जादा बिट अशा २५६ गुणाकारांची बेरीज होईपर्यंत सांभाळून घेतात. क्यू१५ मध्ये गुणाकार सहसा मर्यादा ओलांडत नाही. अपवाद एकच, उणे १ गुणिले उणे १. आणि चाचणीत नेमका तोच राहून जातो.

प्रश्न : आता मोबाइलच्या प्रोसेसरमध्येही फ्लोटिंग पॉइंटचे सर्किट असते. मग फिक्स्ड पॉइंट ही जुन्या, अशक्त यंत्रांची तडजोड नव्हे काय? नव्याने शिकणाऱ्याने त्यासाठी वेळ का घालवावा?

उत्तर : ती तडजोड होती, हे काही प्रमाणात खरे आहे. १९४६ साली बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी आपल्या यंत्राचा आराखडा मांडताना फ्लोटिंग पॉइंट जाणीवपूर्वक टाळला. संख्यांचे प्रमाण आधी ठरवून घेण्याचे काम गणितज्ञाने करावे आणि मौल्यवान स्मृती त्यासाठी खर्च करू नये, असे त्यांचे मत होते. पुढे १९९३ साली आलेल्या ‘डूम’ या खेळात १६ बिट पूर्णांकाला आणि १६ बिट अपूर्णांकाला अशी मांडणी वापरली गेली, ती त्या काळच्या वैयक्तिक संगणकांत फ्लोटिंग पॉइंटचे सर्किट असेलच असे नसल्यामुळे. ते कारण आता बव्हंशी संपले आहे. परंतु वेग हे या पद्धतीचे एकमेव कारण कधीच नव्हते, आणि उरलेली कारणे माझ्या मते अधिक टिकाऊ आहेत.

पहिले कारण अचूकतेचे आहे, आणि ते ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. नकाशावरील रेखांश ३२ बिटांत साठवायचा आहे असे समजा. फ्लोटिंग पॉइंटमध्ये १२८ अंशांच्या पुढे दोन शेजारच्या संख्यांमधले अंतर १/६५,५३६ अंश असते. विषुववृत्तावर ते सुमारे १.७ मीटर भरते. तोच रेखांश १ कोटीने गुणून पूर्णांक म्हणून ठेवला, तर १८० अंशांचे १८० कोटी होतात, जे ३२ बिटांच्या सुमारे २१४ कोटींच्या मर्यादेत बसतात, आणि पायरी विषुववृत्तावर साधारण १.१ सेंटिमीटरची होते. बिट तेवढेच आहेत. फ्लोटिंग पॉइंटमध्ये त्यांतले ८ बिट घातांकासाठी, म्हणजे अतिसूक्ष्म आणि अतिविशाल संख्या लिहिता याव्यात यासाठी राखून ठेवलेले असतात. रेखांशाला त्या कक्षेचा काही उपयोग नसतो. शिवाय शून्य रेखांशाजवळ बारीक आणि १८० अंशांजवळ जाड अशी विषम पायरी नकाशाला नकोच असते, कारण पृथ्वीवरची सगळी ठिकाणे त्याच्या दृष्टीने सारख्याच मोलाची असतात. ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाबेसमध्ये हीच एक कोटीची मांडणी आहे.

दुसरे कारण सर्व यंत्रांवर तंतोतंत एकच उत्तर मिळण्याचे. फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला तर शेवटचा अंक बदलू शकतो, आणि निरनिराळे कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रसंकेतात रूपांतर करणारी सॉफ्टवेअरे) व प्रोसेसर तो क्रम आपापल्या सोयीने बदलतात. पूर्णांकांच्या बेरजेला क्रमाचे सोयरसुतक नसते. डोनाल्ड नुथ यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली रचताना सर्व लांब्या ‘पॉइंट’ या छपाईतील मापाच्या ६५,५३६ व्या भागात मोजल्या, त्या यासाठीच. त्यांचे हे एकक सुमारे ५.४ नॅनोमीटरचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या भागाएवढे आहे. इतक्या सूक्ष्म मापाची छपाईला गरज नाही, पण ओळ कुठे मोडायची याचा निर्णय कोणत्याही संगणकावर एकच यावा, ही गरज होती.

चलच्चित्राच्या क्षेत्रात हाच मुद्दा वेगळ्या रूपाने आला. एमपेग-२ या चलच्चित्र संकुचित करण्याच्या मानकात चित्राच्या तुकड्यांचे रूपांतर कोसाइनच्या वास्तव संख्यांनी सांगितलेले होते आणि प्रत्येक डीकोडरने ते आपल्या परीने, ठराविक मर्यादेत अचूक करायचे होते. पुढचे चित्र मागच्यावर आधारलेले असल्यामुळे पाठवणाऱ्याचा आणि पाहणाऱ्याचा शेवटचा अंक वेगळा असला, तर तो फरक चित्रागणिक साचत जातो. २००३ साली आलेल्या एच.२६४ या मानकाने हे रूपांतर केवळ पूर्णांकांच्या बेरीज, वजाबाकी आणि बिट सरकवण्यावर आणले. ते वेगवान तर झालेच, पण मुख्य म्हणजे दोन्हीकडची उत्तरे बिटागणिक जुळू लागली.

उरलेली उदाहरणे थोडक्यात सांगतो. लिनक्स या कार्यप्रणालीचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, फ्लोटिंग पॉइंट टाळते, कारण तो वापरायचा तर चालू प्रोग्रॅमची त्यासंबंधीची रजिस्टरे दर वेळी जपून ठेवावी लागतील. म्हणून यंत्रावरील भाराची सरासरी तिथे २,०४८ व्या भागात मोजली जाते आणि एक, पाच व पंधरा मिनिटांसाठीचे गुणक १,८८४, २,०१४ आणि २,०३७ असे पूर्णांक म्हणून लिहिलेले असतात. संगणकांची घड्याळे जुळवणाऱ्या एनटीपीमध्ये ३२ बिट सेकंदांना आणि ३२ बिट सेकंदाच्या भागांना असतात. अक्षरांचे आकार रंगवणारी फ्रीटाइप ही लायब्ररी पिक्सेलचे ६४ भाग करते.

एवढे सांगूनही एक कबुली द्यायला हवी. जिथे संख्यांची कक्षा आधी माहीत नसते, उदाहरणार्थ बहुतेक वैज्ञानिक आकडेमोडीत, तिथे फिक्स्ड पॉइंटचा हट्ट धरणे हा वेळेचा अपव्यय आहे.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेले ‘८ बिटांत क्वांटाइझ’ करतात. हेही फिक्स्ड पॉइंटच का?

उत्तर : होय, त्याचे जवळचे भावंड. मॉडेलमधील भारांकांच्या, म्हणजे मॉडेलने शिकलेल्या संख्यांच्या, एका गटाची कक्षा पाहून त्यासाठी एक मापक संख्या निवडतात आणि प्रत्येक भारांक उणे १२८ ते १२७ मधल्या पूर्णांकाने दाखवतात; काही मांडणींत शून्याची जागाही सरकवतात. फरक इतकाच की येथे मापक हा २ चा किंवा १० चा घात असावा लागत नाही आणि तो माहिती पाहून ठरतो. गुणाकार ८ बिटांत आणि त्यांची बेरीज सहसा ३२ बिटांत करतात, म्हणजे वर सांगितलेली जादा बिटांची युक्ती येथेही आहेच. ८ बिटांचा गुणक सिलिकॉनवर फार कमी जागा आणि ऊर्जा घेतो, त्यामुळे गूगलच्या अशा मॉडेलांसाठी बनवलेल्या पहिल्या टीपीयू चिपवर असे ६५,५३६ गुणक एकत्र बसवता आले.

प्रश्न : पॅट्रियट क्षेपणास्त्राची चूक आणि एरियान ५ या अग्निबाणाचा स्फोट ही फ्लोटिंग पॉइंटच्या धोक्याची उदाहरणे म्हणून वाचली. आपण फिक्स्ड पॉइंटची बाजू घेत असल्यामुळे विचारतो, तो वापरला असता तर ही संकटे टळली असती का?

उत्तर : पॅट्रियटमध्ये फिक्स्ड पॉइंटच वापरला होता. ही घटना चुकीच्या बाजूच्या खात्यात टाकली जाते, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे एक पॅट्रियट प्रणाली येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राला अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. त्या प्रणालीचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग पूर्णांकात मोजत असे, आणि तिथपर्यंत काहीच चुकत नव्हते. पुढे तो आकडा सेकंदांत आणण्यासाठी त्याला एक दशांशाने गुणले जाई, आणि एक दशांश २४ बिटांच्या रजिस्टरात छाटून ठेवलेला होता. छाटल्यामुळे प्रत्येक टिकटिकीमागे सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची त्रुटी येई: यंत्र सलग १०० तास चालू राहिल्यावर, म्हणजे ३६ लाख टिकटिकींनंतर, वेळेतील चूक सुमारे ०.३४ सेकंदांवर गेली होती. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे क्षेपणास्त्र तेवढ्या अवधीत अर्धा किलोमीटरपेक्षा जास्त पुढे जाते, त्यामुळे ते चुकीच्या जागी शोधले गेले. तेव्हा फिक्स्ड पॉइंट असूनही द्विमान छेदात एक दशांश बसवण्याचा मोह झाला की पहिल्या प्रश्नातील आवर्ती शेपूट परत येते. वेळ दहाव्या भागातच ठेवून आकडेमोड केली असती, तर ही त्रुटी उद्भवलीच नसती.

४ जून १९९६ चे एरियान ५ चे उड्डाण या दोन पद्धतींच्या सीमेवर फसले. आडव्या गतीशी निगडित एक मूल्य ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटमधून १६ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात बदलले जात होते. हा भाग एरियान ४ कडून जसाच्या तसा घेतलेला होता. त्या अग्निबाणाच्या मार्गात हे मूल्य ३२,७६७ च्या आत राहत असे, नव्याच्या मार्गात ते राहिले नाही, आणि त्या रूपांतराला संरक्षण दिलेले नव्हते. सुमारे ४० सेकंदांत सारे संपले. मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते की, ते गणित करणाऱ्या भागाचे उड्डाणानंतर एरियान ५ ला कामच नव्हते. आपल्या प्रश्नाचे उत्तर मग असे की, पद्धत बदलून ही संकटे टळली नसती. कक्षा आणि एकक यांची नोंद आकड्याबरोबर एका यंत्रातून दुसऱ्यात गेली असती, तर टळू शकली असती. म्हणून मी चलाच्या नावातच एकक लिहिण्याचा आग्रह धरतो. ‘वेळ’ असे नाव न देता ‘वेळ_दशांश_सेकंद’ असे द्यावे. टाइप करायला लांब आहे, पण चुकीच्या बेरजेवर डोळा लगेच अडखळतो.

प्रश्न : कंपायलरने तयार केलेला यंत्रसंकेत सहज पाहत होतो. १६ बिटांच्या एका धन पूर्णांकाला मी १० ने भागले होते, पण तिथे भागाकार कुठेच नाही. संख्येला ५२,४२९ ने गुणून १९ बिट उजवीकडे सरकवले आहे. हा आकडा आला कुठून?

उत्तर : आपण न सांगता कंपायलरने फिक्स्ड पॉइंट वापरला आहे. भागाकार ही प्रोसेसरची मंद क्रिया आहे, म्हणून १० ने भागण्याऐवजी तो एक दशांशाने गुणतो, आणि तो एक दशांश १९ अपूर्णांकी बिटांत लिहितो. २ चा १९वा घात ५,२४,२८८; त्याचा दहावा भाग ५२,४२८.८, तो वर राउंड करून ५२,४२९.

येथेही एक दशांश तोडलेलाच आहे, मग उत्तर चुकत कसे नाही, असे आपण विचाराल. गुणक खऱ्यापेक्षा ०.२ ने मोठा आहे, म्हणजे संख्येच्या प्रत्येक एककामागे उत्तर ०.२ भागिले ५,२४,२८८ एवढे फुगते. १६ बिटांतील सर्वांत मोठी संख्या ६५,५३५ घेतली, तरी एकूण फुगवटा ०.०२५ च्या आसपासच राहतो. १० ने भागल्यावर अपूर्णांकी भाग जास्तीत जास्त ०.९ असू शकतो, म्हणजे पुढच्या पूर्णांकापर्यंत निदान ०.१ चे अंतर असतेच. ०.०२५ ची भर ते अंतर कधीच ओलांडू शकत नाही, आणि खालचे १९ बिट टाकून दिल्यावर प्रत्येक वेळी नेमका भागाकारच उरतो.